परिचारिकेच्या वेळेचा हिशेब

अतिदक्षता विभागांत पाऊल टाकतांच प्रथम यंत्रें दृष्टीस पडतात. हृदयाचे ठोके दाखविणारा पडदा, श्वास पुरविणारें यंत्र, थेंबाथेंबानें औषध सोडणारे पंप! त्या गर्दींत परिचारिका केवळ देखरेखीस उभी आहे, असेंच भेटीस आलेल्या आप्तांना वाटतें. वस्तुतः तिचा वेळ जातो कशांत?

या विभागाचा उगम यंत्रांत नसून माणसाच्या हातांत आहे. १९५२ सालीं कोपनहेगन शहरांत पोलिओची भयंकर सांथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रोग्यांच्या गळ्यास छिद्र पाडून नळी बसवावी आणि रबरी पिशवी हातानें दाबून त्यांस हवा पुरवावी, असा मार्ग डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांनीं दाखविला. सुमारें १५०० विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें त्या पिशव्या दाबल्या. १९५३ सालीं इब्सेन यांनीं त्याच शहरांत अत्यवस्थ रोग्यांसाठीं स्वतंत्र विभाग उघडला. पुढें पिशवीचें काम यंत्रानें घेतलें. शुश्रूषा मात्र परिचारिकेकडेच राहिली.

या शुश्रूषेचें माप घेण्यास १९७४ पासून कोष्टकें निघालीं. त्यांचा मुख्य भर औषधोपचारांवर होता. २००३ सालीं १५ देशांतील ९९ विभागांच्या पाहणीवरून नवें कोष्टक प्रसिद्ध झालें, तेव्हां कळून आलें कीं, जुन्या कोष्टकानें परिचारिकांच्या अवघ्या ४३ टक्के वेळेचा हिशेब लागे. नव्यानें तो ८१ टक्क्यांचा लागला. मग सुटलें होतें तें काय? रोग्याचें अंग पुसणें, त्याची कूस पालटणें, नातलगांना धीर देणें, नोंदी लिहिणें! नव्या कोष्टकांत एका परिचारिकेचा पूर्ण वेळ म्हणजे १०० गुण. आणि शोकाकुल कुटुंबासाठीं पाळींत तीन तास वा अधिक द्यावे लागले, तर त्याचेच ३२ गुण धरले जातात.

हीं कामें क्षुल्लक नव्हेत. बेशुद्ध रोग्यास स्वतः कूस पालटतां येत नाहीं. हाड व बिछाना यांमध्यें दबलेल्या त्वचेस रक्त मिळत नाहीं, आणि तेथें व्रण होतो. तोंडांत नळी असलेल्या रोग्यास वळविण्यास दोन-तीन माणसें लागतात. तेवढ्यांत शेजारच्या खाटेवरील यंत्र धोक्याची सूचना देऊं लागलें, तर धांवावें कोणीं? केवळ यंत्रें व उपचार मोजून परिचारिकांची संख्या ठरविली, म्हणजे हिशेबांत न आलेलें काम राहून जातें, आणि त्याची किंमत रोगी देतो.

म्हणून आपलें माणूस अशा विभागांत ठेवण्याचा प्रसंग आलाच, तर तेथें यंत्रें किती आहेत एवढेंच विचारून थांबूं नये. दिवसा आणि रात्रीं एका परिचारिकेकडे किती रोगी असतात, हेंही अवश्य विचारावें.