कॅलेडोनिया : एका नांवाची कुळकथा

१९४८ सालीं 'कॅलेडोनिया' नांवाची एक आगबोट लिव्हरपूल-मुंबई मार्गावर धांवूं लागली आणि १९६५ पर्यंत ती चालू होती. धक्क्यावर तिची वाट पाहणाऱ्या पुष्कळांस हें नांव नुसतेंच कर्णमधुर वाटलें असेल. कॅलेडोनिया म्हणजे स्कॉटलंड. परंतु हा अर्थ त्या शब्दास कसा आला, हें पाहूं गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट आढळते. स्कॉट लोकांशीं त्याचा मुळांत कांहींच संबंध नव्हता.

हा शब्द लॅटिन ग्रंथांतला. रोमन इतिहासकार टॅसिटस यानें इ. स. ९८ च्या सुमारास आपला सासरा अग्रिकोला याचें चरित्र लिहिलें. अग्रिकोला हा ब्रिटनचा रोमन सुभेदार होता. फोर्थ आणि क्लाइड या खाड्यांपलीकडील मुलुखास टॅसिटस 'कॅलेडोनिया' म्हणतो. इ. स. ८३ च्या सुमारास ग्रॉपियस डोंगरापाशीं रोमन फौजेनें तेथील टोळ्यांचा मोड केला. तथापि तो मुलूख रोमला कायमचा पचला नाहीं.

कॅलेडोनी ही त्या मुलुखांतील अनेक टोळ्यांपैकीं एक. वेल्श भाषेंत 'कॅलेद' म्हणजे कठीण; त्याच धातूपासून हें नांव निघालें असावें असें अनेक पंडित मानतात, पण तें मत निर्विवाद नाहीं. पर्थशायरमधील डंकेल्ड गांव आणि शिहॅलियन शिखर यांच्या गेलिक नांवांत मात्र या टोळीची आठवण अद्याप शिल्लक आहे.

आणि स्कॉट? 'स्कोटी' हें रोमन लोकांनीं आयर्लंडच्या लोकांस दिलेलें नांव. ते समुद्र ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर वसले, आणि कालांतरानें सर्व देश त्यांच्या नांवानें ओळखला जाऊं लागला. कॅलेडोनी टोळी इतिहासांतून लुप्त झाली. तिचें नांव लॅटिन पोथ्यांत राहिलें. पुढें विद्वानांनीं व कवींनीं तें तेथून उचललें. रोमला न नमलेल्या लोकांचें नांव धारण करण्यांत स्कॉटलंडला भूषण वाटलें.

या भूषणाची एकदां जबर किंमत मोजावी लागली. १६९८ सालीं सुमारें १२०० स्कॉट लोक पनामाच्या संयोगभूमीवर डेरियन येथें वसाहत करण्यास निघाले. वसाहतीचें नांव त्यांनीं 'कॅलेडोनिया' ठेवलें. ताप, उपासमार, इंग्लंडची उदासीनता आणि स्पेनचें वैर यांपुढें ती टिकली नाहीं. १७०० सालीं ती सोडावी लागली. असंख्य कुटुंबांची पुंजी तींत बुडाली. १७०७ सालीं स्कॉटलंडनें आपली स्वतंत्र पार्लमेंट इंग्लंडच्या पार्लमेंटशीं एकत्र केली. त्यामागच्या कारणांत डेरियनचा हा घाव एक होता.

राज्य गेलें, पण नांव अधिकच फोफावलें. पॅसिफिकमधील एका बेटास कूकनें १७७४ सालीं 'न्यू कॅलेडोनिया' म्हटलें. १८२२ सालीं टेलफर्डचा सुमारें ६० मैलांचा कॅलेडोनियन कालवा खुला झाला. त्याचा बहुतेक भाग नैसर्गिक सरोवरांचाच आहे. रेल्वेनें तें नांव घेतलें, पाइन वृक्षांच्या प्राचीन अरण्यास तें मिळालें. भूगर्भशास्त्रज्ञांनीं तर ४० कोटि वर्षांहून जुन्या पर्वतनिर्मितीस तेंच नांव दिलें. त्या पर्वतांच्या रांगा नॉर्वेपर्यंत पसरलेल्या आहेत.

सिंधु नदीचें नांव इराणी व ग्रीक लोकांच्या तोंडून फिरून 'इंडिया' होऊन परतलें, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांना या कथेचें नवल वाटणार नाहीं. नांव हा वंशाचा पुरावा नव्हे. परक्यानें, प्रसंगीं शत्रूनेंही, टिपून ठेवलेला शब्द एखादें राष्ट्र आपला म्हणून उचलतें, त्यासाठीं झीज सोसतें, आणि अशा रीतीनें तो खरोखरच त्याचा होतो.