आरास आणि जाजम

मला आरास मांडायला फार आवडतं. चैत्र लागला की पाय आपोआप तुळशीबागेकडे वळतात. पायऱ्यांवर चैत्रगौर, पुढे कलिंगडाचं कमळ, कैरीची डाळ, पन्हं. स्मिता पाटीलवरही माझा तितकाच जीव. एका वर्षी गौरीशेजारी ‘उंबरठा’तला तिचा फोटोच ठेवला. चळवळीतल्या मैत्रिणी हसायच्या, “काय हे हळदीकुंकवाचं खूळ!”

मला सलत होतं ते वेगळंच. आरास मी शिकले आईकडून. वडील गेल्यावरही कमळ तीच कापायची, डाळ तीच वाटायची. बायका आल्या की मात्र आत जाऊन बसायची. तिला कुणी ‘आत जा’ म्हणत नव्हतं. ‘बाहेर ये’ असंही कुणी म्हणत नव्हतं. मीसुद्धा नाही.

1852 साली याच पुण्यात सावित्रीबाई फुल्यांनी तिळगुळाचा समारंभ केला, सर्व जातींच्या बायकांना एकाच जाजमावर बसवलं. सण त्यांनी टाकला नाही, जाजम बदललं. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचं कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला.

मग मीही बोलावणं बदललं. कामाला येणाऱ्या बाई, नवऱ्याला सोडून आलेली शेजारीण, बिनलग्नाच्या मैत्रिणी, सगळ्या आल्या. कुंकवाऐवजी प्रत्येकीला मोगरा, पहिला आईला. ती बाहेर येऊन बसली, आराशीकडे बघून म्हणाली, “पाकळ्या जाड कापल्यास गं.”

तेव्हा आरास हौसेने मांडा. फक्त आत कोण बसलंय, ते आधी बघा.