घरचा कॅमेरा : त्याची निवड व उपयोग

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात अमरावती येथे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, वसतिगृह, विवाहातील खर्च अशा भारदस्त विषयांवर जाणत्यांची भाषणे झाली. त्या मानाने आमचा आजचा विषय मुठीत मावेल एवढाच आहे. तो म्हणजे घरातल्या नित्याच्या छायाचित्रांसाठी लागणारा लहानसा डिजिटल कॅमेरा. विषय लहान असला तरी त्याचे निमित्त लहान नाही. तेव्हा ते आधी निवेदन करणे उचित होईल.

आपल्या स्मरणिकेतील श्रद्धांजलीच्या पानांसाठी छायाचित्रे जुळविण्याचे काम काही वर्षे आमच्याकडे आहे. त्या कामात एक गोष्ट मनाला सतत टोचत आली आहे. ज्या माउलीने पन्नास वर्षे घर चालविले, तिचे छायाचित्र म्हणून आमच्या हाती येते ते मतदार ओळखपत्रावरून उतरविलेले, नाहीतर लग्नातील समूहचित्रातून कापून घेतलेले. खांद्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी हात तसाच राहिलेला. इतरांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही, कारण आमच्या मातोश्री निवर्तल्या तेव्हा आमच्याही घरी हीच अवस्था झाली. महालक्ष्म्यांच्या सणाची शेकडो छायाचित्रे आमच्या मोबाईलमध्ये होती. त्यांत मुखवटे होते, आरास होती, सोळा भाज्यांचे ताट होते. ते ताट जिने वाढले ती मात्र एकाही चित्रात नव्हती. अखेर एक चित्र सापडले. आमच्या आठ वर्षांच्या पुतण्याने कपाटातला जुना लहान कॅमेरा घेऊन अकोल्याच्या घराच्या गच्चीवर ते सहज काढले होते. चित्र तिरपे आहे, कोपऱ्यात त्याचे बोट आले आहे. पण कुरडया घालता घालता आईने मान वर केली आहे आणि ती हसते आहे. तेच चित्र आज आमच्या बैठकीत लावलेले आहे.

त्या दिवसापासून आमचे असे मत झाले आहे की, मोबाईल कितीही उत्तम असला तरी तो एका माणसाचा असतो. त्याला त्या माणसाचे कुलूप असते. तो हरवला किंवा धनी गेला की आतली चित्रेही बहुधा गेलीच. खुंटीवर टांगलेला कॅमेरा मात्र साऱ्या घराचा असतो. तो आजीने उचलावा, सुनेने उचलावा, नातवाने उचलावा. चित्र काढणारा हात बदलत राहिला म्हणजे घरातले कोणीही कायमचे चित्राबाहेर राहत नाही.

आपल्यापैकी ज्येष्ठांना आगफा क्लिक थ्री हा कॅमेरा आठवत असेल. त्यात एका फिल्मवर बारा चित्रे निघत, आणि ती लग्नकार्यासाठी जपून ठेवावी लागत. पुढे फिल्मच नाहीशी झाली. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने हाती धरता येईल असा डिजिटल कॅमेरा प्रथम तयार केला. त्याचे वजन साडेतीन किलोच्या वर होते आणि एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर उतरविण्यास २३ सेकंद लागत. २०१० साली जगात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, व त्यांतील बहुसंख्य लहानच होते. नंतर मोबाईलने ती जागा घेतली आणि २०२३ साली हाच आकडा ७७ लाखांच्या आसपास उतरला. म्हणून आज नवे लहान कॅमेरे थोडे व महाग मिळतात. तेव्हा आमची पहिली सूचना अशी की, दुकानात जाण्यापूर्वी आपलेच कपाट पाहावे. पंधरा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला कॅमेरा तेथे कोठेतरी निजलेला असण्याचा बराच संभव आहे.

तो मिळाला, अथवा वापरलेला विकत घ्यावयाचा असला, तर चार गोष्टी तपासाव्यात. भिंग अडखळत न बाहेर येते व आत जाते काय. उजेडासमोर धरल्यास भिंगात बुरशीचे जाळे दिसते काय. बॅटरी फुगलेली नाही ना आणि तशी बॅटरी व तिचा चार्जर आज मिळतो काय. आणि चौथी, कार्ड. फार जुने कॅमेरे २ जीबीपेक्षा मोठे कार्ड वाचत नाहीत. तेवढ्यावरून कॅमेरा बिघडला असे समजू नये.

नवा घेताना मेगापिक्सेलच्या मोठ्या आकड्याने भुलून जाऊ नये. हिशेब सोपा आहे. सहा बाय चार इंचांची स्वच्छ प्रत काढण्यास दर इंची ३०० बिंदू धरले तरी १८०० गुणिले १२००, म्हणजे सुमारे २२ लाख बिंदू लागतात. हे सव्वादोन मेगापिक्सेलही झाले नाहीत. बारा बाय आठ इंचांच्या मोठ्या प्रतीसही नऊ मेगापिक्सेल पुरतात. त्याऐवजी प्रकाश टिपणारा आतील पडदा, ज्याला सेन्सर म्हणतात, तो केवढा आहे हे विचारावे. साध्या कॅमेऱ्यातील सेन्सर बहुधा ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो; एक इंची म्हणून विकला जातो तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट. संध्याकाळी देवघरात चित्र काढताना हा फरक डोळ्यांस दिसतो. भिंगावरील एफ हा अंक जितका लहान तितका प्रकाश अधिक, १.८ चे भिंग २.८ च्या भिंगाच्या दुपटीहून अधिक प्रकाश आत घेते. झूम ऑप्टिकल किती आहे तेवढेच पाहावे. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा तुकडा कापून मोठा करणे होय.

आता वापराविषयी. आपल्या वऱ्हाडातले ऊन आपल्या परिचयाचे आहे. भर दुपारी अंगणात माणसे उभी केली तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. त्यांना ओसरीत अथवा लिंबाच्या सावलीत घ्यावे. तसे शक्य नसेल तर उन्हातही फ्लॅश चालू करावा, म्हणजे चेहऱ्यावरील छाया उजळते. पांढरे धोतर वा पांढरे लुगडे समोर असेल तेव्हा कॅमेरा फसतो आणि पांढऱ्याचे राखाडी करून टाकतो. अशा वेळी अधिक-उणे चिन्हांचे बटण दाबून प्रकाश अधिक एकने वाढवावा. लहान कॅमेऱ्याचा फ्लॅश दोन-तीन मीटरांपलीकडे पोहोचत नाही. मंडपाच्या मागील रांगेतून तो उडविणे व्यर्थ होय. भुलाबाईची गाणी चालली असता तो बंदच ठेवावा, कॅमेरा उंबऱ्यावर किंवा पाटावर टेकवावा आणि दिव्यांच्याच उजेडात चित्र घ्यावे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यास राजराजेश्वराच्या कावडी चालत असतात तेव्हा, किंवा मुले धावत असतात तेव्हा, वेग सेकंदाचा अडीचशेवा भाग अथवा त्याहून जलद ठेवावा. नाहीतर चित्रात चेहऱ्याऐवजी रेघा उमटतात. वैशाखात कॅमेरा बंद मोटारीत ठेवू नये. भिंगावर धूळ किंवा कापसाची तूस बसल्यास आधी हवेने उडवावी, मग मऊ कापडाने पुसावे. पदराने पुसू नये.

चित्रे कशाची काढावीत? सणांची निघतातच, आमचा आग्रह साध्या दिवसांचा आहे. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी शकुंतला गाडी आपल्यापैकी कित्येकांच्या रोजच्या पाहण्यातली होती. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली. आज ती बंद आहे. ती रोजची म्हणून ज्यांनी तिचे चित्र काढले नाही ते आता हळहळतात. घरातल्या माणसांचेही असेच आहे. शेतातल्या रोडग्यांच्या पंगतीत वांग्याची भाजी ढवळणारे काका, चष्मा कपाळावर सारून पेपर वाचणारे वडील, मांडा हातावर फिरवणारी आई : ही चित्रे आज क्षुल्लक भासतात, परंतु उद्या नेमकी तीच हवी असतात.

शेवटची गोष्ट जतनाची. कॅमेऱ्यातील तारीख आधी बरोबर लावून घ्यावी. चित्रांच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या गावी असावी. आपल्यांत एक भाऊ अमरावतीस तर दुसरा अकोल्यास अशी घरे पुष्कळ आहेत. त्यांनी एकमेकांच्या प्रती सांभाळाव्यात. व्हॉट्सॲपवरून पाठविलेले चित्र आक्रसते. मूळ चित्र पाठवावयाचे असल्यास ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. आणि वर्षातून निदान वीस चित्रांच्या कागदी प्रती काढून त्यांच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव व साल लिहावे. नाव नसलेले चित्र दोन पिढ्यांत परके होते.

आमची आपणांस एकच विनंती आहे. पुढील संमेलनास येताना प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील सर्वांत वडील माणसाचे, त्याच्या नित्याच्या कामात असतानाचे एक छायाचित्र आणावे. ते त्या माणसाने स्वतः पाहिलेले असावे. श्रद्धांजलीच्या पानासाठी आमच्याकडे चित्र येते तेव्हा ते पाहण्यास तो माणूस नसतो, आणि आमच्या आईने गच्चीवरचे ते चित्र कधीच पाहिले नाही.