संशोधन श्रोत्यांच्या भेटीला

29 जानेवारी 1939. पुण्याच्या गोखले हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर काळे स्मृती व्याख्यान देत होते. विषय होता 1935 च्या भारत सरकार कायद्यातली संघराज्याची योजना. ब्रिटिश मुलखातले प्रतिनिधी निवडून येणार, संस्थानांचे मात्र राजे नेमणार. ही विसंगती त्यांनी श्रोत्यांपुढे उलगडली. पुढे त्या भाषणाची पुस्तिकाही निघाली.

या व्याख्यानाची यजमान होती गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था. रावबहादूर काळे यांच्या देणगीतून ती 1930 मध्ये उभी राहिली. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा 1971 चा दारिद्र्यावरचा गाजलेला अभ्यास इथलाच.

धोरणांची झळ सामान्यांनाच लागते, म्हणून त्यामागचे असे संशोधन त्यांच्यापर्यंत पोचायलाच हवे.

श्रोतेहो, जवळच्या विद्यापीठात, संशोधन संस्थेत विनाशुल्क खुली व्याख्याने होतात का, याची चौकशी करा. जरूर जा आणि प्रश्नही विचारा.