व्यायामशाळेतील पांढरी पूड



वर्धापनदिनी पाककृती सोडून मी एका पुडीवर बोलायला उभी राहिले, याचे काहींना नवल वाटेल. पण हळदीकुंकवाच्या दिवशी तिघी जणींनी मला निरनिराळे बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला. "मुलाने पांढऱ्या पुडीचा डबा आणला आहे. क्रिएटिन म्हणतात. त्याने मूत्रपिंडे जातात, हे खरे का हो?" तेव्हा म्हटले, सगळ्यांपुढेच बोलावे.

क्रिएटिन हे काही आजकालचे रसायन नव्हे. शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ते १८३२ साली मांसात सापडले. आपले शरीरही ते रोज सुमारे एक ग्रॅम तयार करते, आणि मांसमासे खाणाऱ्यांना जवळजवळ तितकेच अन्नातून मिळते. त्याचा बहुतेक सारा साठा स्नायूंत असतो. वजन उचलताना किंवा जोरात धावताना स्नायूंतली शक्ती काही क्षणांत संपते, ती तत्काळ भरून काढण्याचे काम हा साठा करतो. चूल विझू लागली की आपण हाताशी ठेवलेली ढलपी टाकतो ना, तसे. लांब पल्ल्याच्या धावपटूला त्याचा फारसा लाभ नाही. खेळाडूंना बंदी असलेल्या द्रव्यांच्या यादीतही ते नाही.

मग एवढी भीती कुठून आली? १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत महाविद्यालयांतले तीन तरुण कुस्तीगीर एका महिन्याच्या आसपास दगावले. पहिला संशय या पुडीवरच गेला. चौकशीत निघाले ते निराळेच. खालच्या वजनगटात बसावे म्हणून ती मुले अन्नपाणी तोडून, घाम बाहेर न सोडणारे कपडे अंगात घालून, गरम खोलीत व्यायाम करीत होती. अंगातले पाणी आटले, शरीर तापले आणि जीव गेला. १९९८ साली तिथल्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने रबरी कपड्यांना आणि तापवलेल्या खोल्यांना बंदी घातली. आपल्याकडचा एखादा मुलगा स्पर्धेच्या आधी दोन दिवस पाणी सोडतो तेव्हा आपण त्याच्या जिद्दीचे कौतुक करतो. मला पुडीपेक्षा त्याचे भय जास्त वाटते.

आता मूत्रपिंडांचे. क्रिएटिनचे शरीरात क्रिएटिनिन होते आणि लघवीवाटे जाते. रक्तातल्या याच क्रिएटिनिनवरून डॉक्टर मूत्रपिंडांची परीक्षा करतात. पूड घेणाऱ्याचा आकडा थोडा चढतो, मूत्रपिंडे मात्र धड असू शकतात. निरोगी प्रौढ माणसाने रोज तीन ते पाच ग्रॅम घेतल्यास मूत्रपिंडे बिघडतात, असे आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. पण ज्याला आधीच विकार आहे त्याची गोष्ट वेगळी. १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पंचवीस वर्षांच्या अशाच एका तरुणाची हकीकत आली होती. पूड सुरू केल्यावर त्याच्या मूत्रपिंडांचे काम घसरले आणि ती बंद केल्यावर सुधारले. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी तरी आधी डॉक्टरांना विचारावे.

बाकी त्रास म्हणाल तर किलो-दोन किलो वजन वाढते, ते पुष्कळसे पाण्याचे. लवकर गुण यावा म्हणून काही जण आठवडाभर रोज वीस ग्रॅम घेतात. एकदम जास्त घेतले तर पोट बिघडते. अठरा वर्षांखालील मुलांनी ती घेऊ नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते.

खरी काळजी डब्याची. व्यायामशाळेत मित्राने सुट्या पिशवीतून दिलेल्या पुडीत काय आहे ते कोण सांगणार? शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत न सांगता मिसळलेली संप्रेरके सापडली आहेत. स्पर्धेतल्या चाचणीत ती आढळली, तर 'मला ठाऊक नव्हते' म्हणून खेळाडू सुटत नाही.

आता त्या तिघींविषयी, त्यांच्या अनुमतीने. एकीचा मुलगा सोळा वर्षांचा, त्याचा डबा बंद झाला. दुसरीच्या मुलाचा क्रिएटिनिनचा आकडा चढलेला निघाला आणि घरी रडारड झाली. पूड घेतो हे त्याने डॉक्टरांना सांगितलेच नव्हते! ती थांबवून काही आठवड्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा आकडा उतरला. तिसरीचा बावीस वर्षांचा आहे, प्रकृतीने ठणठणीत. तो अजून घेतो, रोज एक छोटा चमचा, आणि डबा आता आईच्या फडताळात असतो.