पुंगळी कुठे अडकली?

वायूच्या दाबावर चालणारी रायफल मध्येच थांबली, तर पहिला प्रश्न एकच: पुंगळी कुठे आहे?

गोळी नळीतून पुढे जाते तेव्हा तिच्यामागचा थोडा वायू एका बारीक छिद्रातून वळवून घेतात. त्याच्या जोरावर बोल्ट मागे येतो, काडतुसाची रिकामी पुंगळी ओढून बाजूच्या खिडकीतून बाहेर फेकतो, घोडा चढवतो. मग स्प्रिंग बोल्टला पुढे नेते आणि जाताजाता मॅगझिनमधलं काडतूस चेंबरमध्ये सरकवते. पुंगळी खिडकीतच अडकली किंवा पुढचं काडतूस उचललंच गेलं नाही, तर बहुधा बोल्ट पुरता मागे आलेला नसतो. वायू कमी पडला असेल, काजळीने वाट तुंबली असेल. पण पुंगळी चेंबरमध्येच घट्ट बसली असेल, तर वायू वाढवणं हा उपाय नव्हेच.

हे व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराच्या रायफलींत दिसलं. यूजीन स्टोनर यांच्या मूळ रचनेतून आलेल्या एम-१६ रायफलीच्या काडतुसात आधी ड्युपाँट कंपनीची दारू असे. १९६४ मध्ये ऑलिन कंपनीच्या गोल दाण्यांच्या दारूला मंजुरी मिळाली. या दारूमुळे छिद्रापाशी दाब वाढला, बोल्टची गती वाढली, काजळीही जास्त साचू लागली. पुंगळी चेंबरच्या भिंतीला दाबून बसलेली असतानाच बोल्ट तिला ओढू लागला. त्यात चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. दमट हवेत गंजाचे खड्डे पडले आणि पुंगळीचं पितळ त्यांत रुतलं. बोल्टची आकडी पुंगळीच्या कडेवरून निसटे, नाहीतर कडच फाडून टाकी. मग समोरून गोळीबार चालू असताना जवानाने नळीच्या तोंडातून साफसफाईची सळई घालून पुंगळी मागे ठोकायची. सळईसुद्धा प्रत्येकाजवळ नव्हती, कारण या रायफलीला फारशी सफाई लागत नाही, असा समज पसरला होता.

जवान रायफल नीट ठेवत नाहीत, असं तेव्हा ठिकठिकाणी म्हटलं गेलं. मला हा आरोप फार लागतो. सळई न देता सफाईचा जाब विचारणं अन्यायाचंच होतं. जवानांची पत्रं अमेरिकी काँग्रेसपर्यंत पोचली आणि १९६७ मध्ये काँग्रेसच्या इकॉर्ड उपसमितीने चौकशी करून दारूच्या बदलावर बोट ठेवलं, लष्करी व्यवस्थापनाला कडक शब्दांत जबाबदार धरलं.

पुढे बोल्टची गती आवरणारा जड बफर बसवला, चेंबरला क्रोम चढवला, सफाईचं साहित्य पोचवलं. चित्रकथाकार विल आइस्नर यांनी चित्रं काढलेली देखभालीची पुस्तिका जवानांच्या हाती दिली. यानंतर तक्रारी खूपच कमी झाल्या. क्रोमचा उपयोग काही नवा शोध नव्हता. त्याच लष्कराच्या आधीच्या एम-१४ रायफलीच्या नळीला तो होताच.