भाच्यामुळें लागलेला शोध

मुलुंडला डॉक्टर माझ्या भाच्याचीं लक्षणें विचारीत होते आणि उत्तर देतांना बहीण माझ्याकडेच पाहत होती. गोंगाट न सोसणें, मध्य रेल्वेचें वेळापत्रक पाठ असणें, नजरेस नजर न देणें! भाच्यास स्वमग्नता ठरली. घरांत ४० वर्षें ज्याला माझा तऱ्हेवाईकपणा म्हणत, तोहि हाच. पुढें माझ्या तपासणींत तेंच निघालें. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं ११ मुलांची हकीकत लिहिली आणि १९७१ सालीं त्यांच्या मोठेपणाचीहि. आम्ही मात्र हें बालपणींचेंच समजत आलों.

आतां रविवारीं घाटकोपरला आम्ही चौघेपांचजण जमतों. कोणी बोलतो, कोणी नुसता बसतो. गप्प राहिल्याबद्दल तेथें कोणी क्षमा मागत नाहीं.